शोभेचा ब्रेक

मी एका जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक आहे. मित्रांनो, उजव्या मुठीसमोर जी लिव्हर दिसते ना, तिथून माझी सुरुवात होते. तिथून एक केबल खाली पुढच्या चाकापर्यंत जाते. लिव्हर दाबली की मी चाकाला आतून घट्ट धरतो. एवढंच माझं काम. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी चाक गरगर फिरवलं, लिव्हर दाबली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, कसा शहाण्यासारखा धरतो." ते कौतुक मला बरीच वर्षं पुरलं, कारण नंतर कुणी केलंच नाही.

आमची गाडी बाबांनी घेतली. बाबा म्हणजे घराघरांत जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करणारे. एकदा वळणावर वाळू पसरलेली होती, पुढे कुत्रं आलं आणि घाबरून बाबांनी मला हिसका देऊन ओढलं. हँडल वळलेलं, खाली वाळू. चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि बाबांचा गुडघा कायमचा दुखरा झाला. त्या दिवसापासून माझं नाव टाकलं गेलं.

"पुढचा ब्रेक माणसाला फेकतो," बाबा सगळ्यांना सांगायचे. "पायाचा ब्रेक तोच खरा. हाताचा नुसता शोभेचा."

"शोभेचाच असेल तर काढून कपाटात मांडा," आई म्हणायची. बाबा हसायचे, पण बोटं माझ्याजवळ आणायचे नाहीत.

मग त्यांची मुलगी ठमी मोठी झाली. डोंगरातल्या गावांतून पाण्याचे नमुने गोळा करायची नोकरी तिला लागली आणि गाडी तिच्याकडे आली. बाबांनी तिला सगळं नीट शिकवलं: गिअर, आरसे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कसा बसवायचा. माझ्यापाशी आले की मात्र म्हणायचे, "याला विसर."

एका सकाळी दोघं घाटापलीकडे आत्याकडे निघाली. ठमी आत हेल्मेट शोधत होती. बाबा पुढच्या चाकापाशी वाकले, इकडेतिकडे पाहिलं आणि माझा नट उलटा फिरवला. केबल लुळी पडली. पोरीने घाईत चुकून दाबला तरी लागू नये, हा त्यांचा हेतू. किती मायेने फिरवत होती ती बोटं! आणि मला ओरडता येत नव्हतं.

घाट चढताना काही झालं नाही. उतार सुरू झाला. मागे बाबा, त्यामागे आत्यासाठी बांधलेलं जड गाठोडं. ठमीचा पाय ब्रेकवरून उठेचना. थोड्या वेळाने मागच्या चाकातून करपल्याचा वास येऊ लागला. पायाचा, म्हणजे मागचा ब्रेक बिचारा एकटा सगळं वजन अडवत होता, तापत होता, घासत होता. आणि एका वळणाच्या तोंडाशी त्याने हात टेकले.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये."

"जोरात दाब."

"पाय पार खाली गेलाय."

गाडी वेग घेत होती. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. ठमीने आयुष्यात पहिल्यांदा माझी लिव्हर दाबली. ती नुसतीच मुठीला जाऊन टेकली. मी जागचा हललो नाही.

"हाही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

 का, ते मागे बसलेल्या बाबांना एकट्यालाच माहीत होतं. "गिअर उतरव," ते म्हणाले. "एकेक. घाई नको. मी धरून बसलोय."

तिने एक गिअर उतरवला. इंजिन गुरगुरलं. आणखी एक उतरवला, तेव्हा गाडीला जणू मागून कुणी धरल्यासारखं झालं. वळण कसंबसं पार पडलं. पुढे डोंगराच्या कडेला भुसभुशीत मातीचा ढीग होता. त्यात तिने चाक हळूच रुतवलं आणि गाडी थांबली.

बाबा मागून उतरून पुढच्या चाकापाशी आले.

"ठमे, हाताचा ब्रेक मी ढिला केलाय," ते म्हणाले. "सकाळी."

तिने हेल्मेट काढलं. रागाने लाल झाली होती. "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू घट्ट केला असतास."

"मग? तेच बरोबर होतं ना?"

 दुखरा गुडघा आखडत बाबा खाली बसले आणि माझा नट त्यांनी सुलटा फिरवला. गाडी पुढे ढकलून लिव्हर दाबून पाहिली. मी धरलं. मागचा ब्रेक निवून पुन्हा धरू लागेपर्यंत दोघं दगडावर बसून राहिली.

पुन्हा निघाल्यावर ठमी गिअरवरच उतरत होती. वळण संपलं आणि समोर बंद पडलेला ट्रक, बाजूने वर येणारी बस. मधून जायला वाट नाही. बाबांची बोटं तिच्या खांद्यात रुतली. तिने आधी हँडल सरळ केलं, मग दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत नेले. सगळं वजन पुढे झुकलं, माझ्यावर आलं. मला वजनाचं भय नसतं, मित्रांनो. वजन आलं की पुढचं चाक रस्त्याला जास्तच घट्ट धरतं. ट्रकची फळी मोठी मोठी होत गेली आणि हाताच्या अंतरावर थांबली.

"फेकलं नाही," बाबा म्हणाले.

"दाबलं, ओढलं नाही," ठमी म्हणाली. "आता खांदा सोडा."

त्यानंतरच्या सुट्टीला बाबा मोकळ्या मैदानावर गाडी घेऊन आले. ठमी समोर उभी. "हळू या. हँडल सरळ. आता दाबा." पहिल्यांदा त्यांची बोटं माझ्यापर्यंत येऊन परत गेली. दुसऱ्यांदाही. दोन्ही वेळा त्यांचे डोळे मिटले गेले.

"मी आहे ना," ठमी म्हणाली.

मित्रांनो, आपल्याला ज्याची भीती वाटते ते माणसं आपल्या लाडक्यांच्या हातातून काढून घेतात. तसं करू नका. माझी केबल तपासत जा, वळणावर आणि वाळूवर मला झोडपू नका, आणि जो शिकतोय त्याला मोकळ्या जागी नीट शिकवा.

तिसऱ्यांदा बाबांनी डोळे मिटले नाहीत. बोटं लिव्हरवर आली, थोडी घामेजलेली, आणि त्यांनी मला अलगद दाबलं.