म्हशीच्या गळ्यातला फोन

मी शिवाजी पेठेतली विठाबाई. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्यासमोर तोंड उघडायच्या आधी अख्खी पेठ दोनदा विचार करते.

गेल्या वर्षी रंकाळ्यावर मला चक्कर आली. फोनच्या नकाशावर माझी जागा दाखवणाऱ्या टिंबावरून सुनेनं, निशिगंधानं, दहा मिनिटांत मला शोधलं. तेव्हापासून माझं टिंब घरातल्या चौघांच्या फोनवर. जीव वाचला, मान्य. पण भाजीला गल्ली बदलली तरी लेकाचा, पृथ्वीराजचा, फोन, "आई, तिकडं का?" एवढी पाळत माझ्या सासूनं ठेवली नव्हती, आणि ती काय साधी बाई नव्हती.

त्यात माझं एक गुपित होतं. बारा वर्षांपूर्वी, नातवाच्या जावळाच्या भरल्या पंगतीत, माझी धाकटी बहीण धोंडुबाई माझ्या पांढऱ्या रश्श्याला पाणचट म्हणाली. माझ्या! मी तिथंच ओरडले, हिचा उंबरा चढले तर विठाबाई नाव लावणार नाही. घरातल्या कुणालाही जाऊ दिलं नाही. आता तिची नजर गेलीय. दर बुधवारी मी गुपचूप कुरुंदवाडला तिच्याकडं जाते, तिची वेणी घालते, दिवेलागणीला परत. टिंबानं हे फोडलं तर माझं नाक कुठं राहणार?

मग अक्कल लढवली. बुधवारी दुपारभर मी गोठ्यावर आणि संध्याकाळी दूध कट्ट्यावर असते, असं घरी सांगून ठेवलेलं. कट्ट्यावर आमचा गुंडू गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून देतो. म्हणजे त्याच्या म्हशीचीही वाट तीच, गोठा ते कट्टा. फोन बटव्यात घातला, बटवा तिच्या घुंगरांच्या पट्ट्याला बांधला आणि एस.टी. धरली. परतताना कट्ट्यावर गुंडूची नजर चुकवून सोडून घ्यायचा. चार बुधवार टिंब शहाण्यासारखं वागलं.

पाचव्या बुधवारी ऊन तापलं. गुंडूनं म्हैस आधी पंचगंगेवर नेली.

संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस दिसली नाही, घरी आले तर दाराला कुलूप. शेजारची शालूबाई मला बघून किंचाळली, "अगं, तू तर बुडलीस की! तुझं टिंब नदीत जाऊन इझलं!"

रिक्षा करून घाटावर गेले. निम्मी पेठ काठावर, तालमीची पोरं पाण्यात बुड्या मारतायत, आणि म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात निवांत रवंथ करतेय. निशिगंधा कमरेएवढ्या पाण्यात उभी. हाका मारून तिचा आवाज बसला होता.

"आई, कुठं हुतीस?" पृथ्वीराजनं विचारलं.

जिभेवर तीन थापा तयार होत्या. पण सुनेची ती ओली साडी बघितली आणि म्हटलं, "धोंडीकडं. दर बुधवारी जातो मी, फोन म्हशीच्या गळ्यात बांधून. काय म्हणणं हाय कुणाचं?"

गुंडू म्हणाला, "तरीच मगाशी म्हस वाजत हुती!" सगळा घाट हसला. आजवर माझ्यावर हसायची कुणाची छाती झाली नव्हती.

नवा फोन आला. टिंब आता फक्त निशिगंधाकडं. तिनं बघायचं, विचारायचं नाही, असं ठरलं.

पुढच्या बुधवारी तिनं मला डब्यात पांढरा रस्सा दिला. धोंडीनं एक घोट घेतला.

"कुणी केलाय?"

"सुनेनं."

"तरीच. दाट हाय."

मी वेणी अर्धी टाकून उठले. एस.टी. सुटते न सुटते तोच फोन वाजला. "आई, आज लवकर निघालात?"

"बघायचं ठरलं हुतं, निशिगंधा. इच्यारायचं न्हाय!"