गाडीखालचा उजेड

गाडीखाली उजेड कधीच पुरत नाही. हे मी सांगतोय, ज्याचं निम्मं आयुष्य गाड्यांच्या पोटाकडे बघण्यात गेलंय. वर छताला ट्यूबलाइट कितीही लावा, खाली पोचते ती फक्त तिची गुणगुण.

गेलं वर्षभर मी दिव्यांच्या मागे हात धुऊन लागलो होतो. आधी जाळीतला, आकडा असलेला दिवा घेतला. तो अडकवावा एकीकडे आणि तोंड करायचा भलतीकडेच, रुसलेल्या जावयासारखा. मग चुंबकाचा आणला. तो चिकटायचा छान, पण उजेड थेट माझ्या डोळ्यांत. मग पायांवर उभा राहणारा एक मोठा घेतला. त्याने गाडीखाली दिवस उजाडायचा, पण माझ्याच हाताची सावली नेमकी नटवर पडायची. नवा दिवा आला की चार दिवस मी खूश, आणि त्यानंतर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार.

"बाबा, दिवे बदलण्यापेक्षा एकदा डोळे दाखवून या," असं बबडी म्हणायची. बबडी म्हणजे माझी लेक. गॅरेज आता जवळजवळ तीच चालवते, चांगली दणकट बाई झालीय, पण लहानपणीचं नाव काही सुटलं नाही. घरी तिची आईही तिच्या सुरात सूर मिसळायची. दोघींचं आपसात काय ठरलंय ते मला ठाऊक होतं. डोळे अधू झालेत असं एकदा निघालं, की मला गाडीखालून काढून पुढच्या टेबलाशी बसवायचं. फोन घ्यायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. गोड बोलणं मला लग्न ठरवतानासुद्धा जमलं नव्हतं. मला उताणं पडून, नाकाच्या वर वीतभर अंतरावर लोखंड ठेवून काम करायला आवडतं. तिथे कोणी अक्कल शिकवायला येत नाही. ती जागा गेली तर मी उरतो कशाला, हा विचार पाठ सोडत नव्हता. म्हणून डोळ्यांचा विषय निघाला, की मी सगळं खापर दिव्यांवर फोडायचो.

एके दिवशी सकाळी एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, म्हणाल्या, दाबलं की खाली जातं. दुपारी त्यांना आजारी आईला घेऊन डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं. रस्ता सगळा वळणांचा आणि उताराचा.

बबडीने जॅक लावून गाडी उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या दिल्या, कपाळावर दिव्याचा पट्टा चढवला आणि चाकांच्या फळीवर पडून आत सरकली. बराच वेळ तिने सगळे पाइप बघितले.

"काही गळत नाहीये," बाहेर येत ती म्हणाली. "पाइपात हवा शिरली असेल. हवा काढून टाकते."

तिने हवा काढली. पेडल घट्ट झालं. बाई पर्स उघडायलाही लागल्या. मी आपला गाडीत बसलो आणि पेडल दाबून धरलं. आधी घट्ट होतं. मग अगदी थोडं, लोण्यात बोट जावं तसं, पायाखाली सरकलं.

"मी एकदा बघतो," मी म्हणालो.

"बाबा, मी आत्ताच बघितलंय ना!"

"तुझा दिवा तुझ्या कपाळावर होता."

"मग कुठे हवा होता? गुडघ्यावर?"

बाईंना हसू आवरेना. मी आत सरकलो. हवा आपणहून आत येत नाही, तिला कुठून तरी वाट मिळालेली असते. आपण बघतो तिकडूनच उजेड पडला, की गाडीखालचं सगळं सारखंच चमकतं. ग्रीस चमकतं, चिखल चमकतो, ओल असेल तर तीही चमकते. मी जाळीचा दिवा मागवला आणि तो कुठेही न टांगता पलीकडच्या चाकापाशी जमिनीवर आडवा ठेवला. बाकीचे दिवे बंद करायला लावले, शटरही अर्धं ओढायला लावलं. उजेड पाइपांच्या अंगावरून बाजूने सरकत आला आणि प्रत्येक उंचवट्याला आपापली सावली मिळाली. मी बघतच राहिलो.

"बाई, पेडल दाबून धरा!" मी ओरडलो.

मागच्या चाकाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या वळणावर एक काळी रेघ उमटली. निदान मला तसं वाटलं. चीर होती, की चिखलाचा ओरखडा, की चिकटलेला केस? मी तोंड जवळ नेलं, मागे घेतलं, एक डोळा मिटून पाहिलं. रेघेच्या दोन रेघा झाल्या आणि मग नुसता कापूस. बोट फिरवून बघितलं, पण माझं बोट जन्माचं तेलकट, त्याला काय कळणार?

उजेडाला नाव ठेवायला जागा नव्हती. इतका चांगला उजेड मला गाडीखाली कधी मिळाला नव्हता, आणि तरी मला दिसत नव्हतं.

चीर आहे, पाइप बदल, असं ठोकून देता आलं असतं. कोणी उलटून विचारलं नसतं. पण खरी गळती दुसरीकडेच असली तर? दुपारी या बाई आईला मागच्या सीटवर निजवून त्या उतारावरून जाणार होत्या.

"बबडी, खाली ये."

"काय झालं?"

"हे बघ आणि काय आहे ते सांग. मला दिसत नाहीये."

मग ती दुसऱ्या बाजूने सरकत आली. तिचा हात सवयीने कपाळावरच्या दिव्याकडे गेला.

"तो बंदच राहू दे," मी म्हणालो.

तिने मान वळवली. "आई गं! चीर आहे, बाबा. पेडल दाबलं की उघडते. हा बघा, थेंब येतोय. मघाशी मला कशी नाही दिसली?"

"मघाशी तिची सावली पडत नव्हती."

बबडीने नवा पाइप आणून बसवला. बाई दुपारी थोड्या उशिरा, पण निघाल्या. मी हात धुवायच्या निमित्ताने नळाशी रेंगाळलो. आता काय ऐकावं लागणार ते मला माहीत होतं.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," माझ्या मागे उभी राहून ती म्हणाली. "मी येतेय बरोबर. वाटेतून पळू नका."

"आणि परवापासून टेबल," मी म्हणालो.

"टेबलाशी तुम्हाला बसवू? आहेत तेवढी गिऱ्हाइकं पळवून लावायला?" तिने साबण माझ्या हातातून घेतला. बराच वेळ हात चोळत राहिली. मग नळाकडे बघतच म्हणाली, "आज मी ती गाडी सोडली असती, बाबा."

तिचेही डोळे भरले होते. एवढं मला दिसलं.

संध्याकाळी दुसरी गाडी घोड्यांवर चढली. बबडी फळीवरून आत गेली आणि आतून हाक आली, "बाबा, दिवा घेऊन या!" मी पलीकडून सरकलो आणि तिच्या शेजारी उताणा झालो. दिवा बाजूने धरला.

"जरा खाली. अजून. हां, आता हलवू नका हो!"

मी हात हलवला नाही. ती दिसेल ते सांगत गेली, आणि ते काय आहे ते मी तिला सांगत गेलो.