ओढून काढू नका

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका रुग्णालयाच्या अपघात कक्षात, जखमींच्या खाटांपासून चार हातांवर माझं टेबल आहे. तिथे येणारा माणूस हसत कधीच येत नाही. त्यामुळे माझ्या गोष्टीत रक्त आहे, मारामारीही आहे. भीती वाटली तर एकमेकांना चिकटून बसा, पण ऐका.

एका लहानशा दुकानात कारागिराने माझे भाग खोक्यांतून एकेक काढून जोडले. शेवटचा स्क्रू पिळून त्याने बटण दाबलं, माझा पंखा भिरभिरला आणि तो स्वतःशीच म्हणाला, "चला, लागला मार्गी!" मग माझी रवानगी रुग्णालयाच्या व्यवस्थापकसाहेबांच्या खोलीत झाली. किती कौतुक व्हायचं माझं! येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब सांगायचे, "वाऱ्यासारखा पळतो." पण दरवर्षी माझ्यात नवी, आणखी जड प्रणाली भरली जाऊ लागली. ओझं वाढत गेलं, खांदे मात्र तेच राहिले. मी धापा टाकू लागलो. एक फाइल उघडेपर्यंत साहेबांचा चहा गार व्हायचा. अखेर "हे डबडं उचला इथून" असा हुकूम सुटला आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. तिथे तुटक्या स्ट्रेचरशेजारी, फाटक्या गाद्यांच्या ढिगाला टेकून मी पडून राहिलो. उंदरांनी माझी वायर कुरतडली. साधी विचारपूस करायलाही कुणी आलं नाही.

मग एका दुपारी खालून मोठा गलका ऐकू आला. रस्त्यावर दोन टोळ्यांची हाणामारी झाली होती आणि जखमींच्या मागोमाग ती थेट अपघात कक्षात शिरली होती. सलाइन लटकवायचा लोखंडी स्टँड उचलून कुणीतरी तिथल्या नव्या कोऱ्या संगणकाचा चेंदामेंदा केला. दुसरा कधी मिळेल याचा पत्ता नव्हता. म्हणून एक्सरे काढणारी ताई अडगळीच्या खोलीत आली, तिने माझ्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाली, "चल बाबा, तुझी गरज पडली."

ताईने माझी कुरतडलेली वायर बदलली, सगळं जुनं ओझं उतरवलं आणि माझ्यात लिनक्सची एक हलकीफुलकी प्रणाली घातली. मित्रांनो, काय सांगू! आजारातून उठलेल्या माणसासारखं वाटलं मला. बटण दाबताच मी हजर व्हायचो.

पण घर हलकं ठेवायचं तर नोकरचाकर कमी ठेवावे लागतात. मोठ्या प्रणालीत पेनड्राइव्ह किंवा सीडी आली की तिला आत घ्यायला दारात कुणीतरी उभं असतं. माझ्या दारात कुणीच नव्हतं. पेनड्राइव्ह खुपसला की मला ते कळायचं, पण त्यातलं काही दाखवता यायचं नाही. आधी कुणीतरी आज्ञा टाईप करून त्याला माझ्या एखाद्या फोल्डरला जोडून द्यावं लागे. या जोडण्याला 'माउंट करणं' म्हणतात. ताईला ती आज्ञा तोंडपाठ होती. पण ताई बहुतेक वेळ पलीकडे एक्सरेच्या खोलीत असायची.

एकदा एका बसचालकाला आणलं. गाडी पुढे काढण्यावरून प्रवाशांनीच त्याला खाली ओढून तुडवलं होतं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. आधीच्या दवाखान्यात काढलेला त्याच्या डोक्याचा स्कॅन सीडीवर होता. कक्षातल्या डॉक्टरबाईंनी सीडी माझ्यात सरकवली. सीडी फिरली आणि पडदा कोराच राहिला. बाईंच्या हातमोज्यांना रक्त लागलेलं, डाव्या हाताने त्यांनी चालकाच्या कपाळावर बोळा दाबून धरलेला. टाईप कशाने करणार?

"ताईला बोलवा!" त्या ओरडल्या.

"मुद्दाम उशीर करता!" म्हणत चालकाच्या मेहुण्याने त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा फुटला, काच गालात रुतली. दारावरचे रखवालदार, ज्यांना सगळे पैलवानकाका म्हणतात, ते मध्ये पडले. त्यांनी मेहुण्याला भिंतीशी दाबून धरलं. डॉक्टरबाईंनी बोळ्यावरचा हात काढला नाही. गालावरून रक्त ओघळत असताना त्या ताई येईपर्यंत तशाच उभ्या होत्या. चालक वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी गालावर पट्टी लावून डॉक्टरबाई कामावर आल्या.

"ताई, मला इथे घाम पुसायला हात मोकळा नसतो," त्या म्हणाल्या. "हे तुझं टाईप करणं नको गं बाई."

"आजच सोय करते. नुसतं खुपसायचं, पुढचं तो बघेल."

ताईने माझ्यात एक छोटासा पहारेकरी, म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅम, नेमला. मी जागा झालो की तोही जागा होतो आणि गुपचूप बसून राहतो. पेनड्राइव्ह किंवा सीडी दिसली रे दिसली की तो तिला स्वतःच जोडतो आणि पडद्यावर तिची खिडकी उघडतो. स्कॅनची चित्रं असली तर तीही समोर मांडतो. ताईने त्याला एक ताकीदही दिली होती. पाहुण्याला बसायला पाट द्यायचा, पण त्याला स्वयंपाकघरात मोकाट सोडायचं नाही. म्हणजे चित्रं दाखवायची, पण पेनड्राइव्हमधला कुठलाही प्रोग्रॅम आपणहून चालवायचा नाही. शिवाय माझ्यावर तिने एक चिठ्ठी चिकटवली: 'ओढून काढू नका. आधी पडद्यावरचं बाहेर काढण्याचं बटण दाबा, निरोप दिसला की मगच हात लावा.' कारण लिहिलेलं सगळं आत पोचण्याआधी पेनड्राइव्ह उपसला, तर ते अर्धवट राहतं, कधी कधी समूळ जातं.

आता खरी गोष्ट सांगतो.

गावाबाहेर एक लाकडाची वखार होती. ती दोन भाऊ चालवायचे. थोरला अंगाने दांडगा आणि डोक्याने तापट, धाकटा शांत. करवतीवरची संरक्षक जाळी काढून काम करू नको, असं धाकटा कितीदा तरी बजावायचा. त्या दिवशी थोरल्याने जाळी काढलीच. धाकट्याने चालती करवत बंद केली. शब्दाला शब्द लागला. हे सगळं मला नंतर कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की थोरला धाकट्याला खांद्यावर टाकून धावत आला. मागोमाग पदर सावरत त्यांची आई आली.

"फळ्यांची थप्पी कोसळली अंगावर!" थोरला ओरडत होता. "वाचवा हो त्याला!"

धाकटा डोळे किलकिले करत होता, मधूनच उलटी करत होता. पलीकडच्या स्कॅन केंद्रातून त्याच्या डोक्याचा स्कॅन करून, तो पेनड्राइव्हवर घेऊनच आणलं होतं. ताईने लगबगीने त्याच्या मानेचा एक्सरे काढला. तो तारेवरून माझ्यात आला. इकडे डॉक्टरबाई धाकट्याच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारून बघू लागल्या.

"नुसत्या बघत काय बसलाय? काहीतरी करा!" थोरल्याने खाट गदागदा हलवली.

"पेनड्राइव्ह द्या आधी, आणि बाजूला व्हा."

त्याने तो दिला, पण बाजूला झाला नाही. बाईंनी पेनड्राइव्ह माझ्यात खुपसला आणि वळल्या, तोच थोरल्याने त्यांचा गळा धरला. पैलवानकाका धावले, तर त्यांना त्याने एका हिसक्यात ट्रॉलीवर भिरकावलं. कात्र्या, वाट्या, बाटल्या खळाखळा जमिनीवर पडल्या. काकांचं डोकं फुटलं. "माझा भाऊ मेला तर एकेकाला गाडीन!" थोरला गरजत होता. बाईंचे पाय जमिनीवरून सुटत होते.

माझ्या कळफलकाला कुणाचा हात लागला नव्हता. पहारेकऱ्याने आपलं काम केलं. थोरल्याच्या पाठीमागे पडदा उजळला आणि धाकट्याच्या डोक्याचं चित्र उघडलं.

बाईंनी ते त्याच्या खांद्यावरून पाहिलं. घुसमटलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "मागे बघ. ते पांढरं दिसतंय ना, ते रक्त आहे. मेंदू दाबतंय. मला सोडलंस तर तो जगेल."

थोरल्याने मान वळवली. पकड सैल झाली. बाई टेबलाला धरून खोकल्या, श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टरशी. "शस्त्रक्रियागृहात कळवा. ताबडतोब." मग थोरल्याकडे बघून म्हणाल्या, "थप्पी कोसळली तर खांद्यावर ओरखडासुद्धा कसा नाही? एकच घाव आहे, कानशिलावर."

थोरला आईच्या पायाशी खाली बसला. "मीच मारली," तो म्हणाला. "फळी उचलली आणि मारली. आई, माझ्या हातून झालं गं."

आईने त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. मग स्वतःचंच कपाळ बडवून घेऊ लागली.

धाकट्याला घेऊन बाई आत धावल्या. आत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना स्कॅनही हवा होता आणि मानेचा एक्सरेही. ताई तो एक्सरे माझ्यातून त्याच पेनड्राइव्हवर उतरवू लागली. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. धाकट्याच्या बायकोचे भाऊ आले होते. त्यांच्या हातात लोखंडी गज होते. वखारीतल्या कामगारांनी त्यांना खरं काय ते सांगितलं होतं.

"कुठंय तो कसाई?"

पहिला गज थोरल्याच्या पाठीत बसला. त्याने हात उचलला नाही. दुसरा माझ्या टेबलावर आदळला, लाकडाच्या ढलप्या उडाल्या. ताईचा हात पेनड्राइव्हवर होता. उपसून पळाली असती तर तिला कोण बोललं असतं? पण तिने बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत किंचाळली, "थांबा! अजून उतरतंय! हे गेलं तर आतल्यांना काही दिसणार नाही!"

कुणी थांबलं नाही. तेव्हा थोरला उठला आणि त्याने मला मिठी मारली. माझा डबा, पेनड्राइव्ह, ताईचा हात, सगळं त्याने आपल्या छातीखाली घेतलं. गज त्याच्या पाठीवर पडत राहिले. एक दंडावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. "उतरू दे ताई," तो म्हणत होता. "सावकाश उतरू दे."

मित्रांनो, मी जुना आहे, सावकाश आहे. इतक्या जोराने मी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. पडद्यावर निरोप आला: आता काढता येईल. ताईने पेनड्राइव्ह काढला आणि गजांखालून वाकून धावली. पैलवानकाकांनी फुटक्या डोक्यानिशी उठून दार अडवलं. थोड्याच वेळात पोलीस आले.

धाकटा वाचला. उजवा हात मात्र लुळा राहिला, बोलणं अडखळू लागलं.

पुढे एका सकाळी तो तपासणीला आला. त्याच दिवशी थोरल्याच्या हाताचं प्लास्टर काढायचं होतं. त्याला पोलिसाबरोबर आणलं होतं. दोघं भाऊ समोरासमोर आले. पोलिसाने वही काढून धाकट्याला विचारलं, "आता बोलता येतंय, तर सांग. काय झालं होतं?"

आई धाकट्याच्या कानाशी लागली. "थप्पी कोसळली म्हण रे. घर मोडेल."

धाकटा बराच वेळ शब्द जुळवत राहिला.

"थप्पी... नाही. दादानं मारलं."

थोरल्याने मान खाली घातली. "खरंय," तो म्हणाला.

"आणि... उचलून पण... दादानंच आणलं," धाकटा म्हणाला. "दोन्ही लिहा."

पोलिसाने दोन्ही लिहिलं. थोरल्याला शिक्षा झाली आणि ती तो भोगतो आहे. वखारीतली करवत आता धाकटा डाव्या हाताने चालवतो, जाळी लावून.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला भंगारात टाकण्याआधी एकदा त्याचं ओझं उतरवून बघा. मला दिलेला पेनड्राइव्ह निरोप मिळाल्याशिवाय उपसू नका. आणि तुमचं माणूस खाटेवर असेल, तेव्हा तुमचा राग दाराबाहेर ठेवून आत या. डॉक्टरबाईंच्या गळ्यावर त्या बोटांचे वळ होते, तरी त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात धाकट्याचं डोकं सरळ धरून त्याच उभ्या होत्या. त्यांचे हात मोकळे असू द्या.