माळवदावरची पांढरी माती

भाकरीच्या तुकड्याशेजारी पडलेलं ते ढेपळ बोराएवढं होतं, पांढरट, आणि बोटानं दाबताच त्याचा भुगा झाला – म्हणजे वरूनच आलं, तुळयांमधल्या फटीतून, नेहमीसारखं... पण आज रावजीनं हातातला घास ताटलीत ठेवला. परवा द्वारका येणार होती, वालचंदनगरच्या क्वार्टरातून, पहिल्या बाळंतपणाला. आई नसलेल्या माहेरी लेक हट्टानं येत होती, आणि तिची खाट पडणार होती ती याच खोलीत, या तुळयांखाली.

दोन हात माती आहे वर, माळवदाच्या छपरावर. मलाच ठाऊक, दुसऱ्या कुणाला?

दीड वर्षापूर्वी, भूकंप झाल्यावर, गावच्या, निरवांगीच्या पोरांबरोबर ट्रकात बसून तोही किल्लारीला गेला होता, ढिगारे उपसायला. भिंती कशा उकलल्या होत्या – बाहेरचा पदर बाहेर, आतला आत, मधला दगडाच्या चिपांचा चुरा सांडलेला, आणि सगळ्यांवर माळवदाची माती. तिथला एक इंजिनियर समजावत होता, की भिंत जाड म्हणून पक्की नसते. दर दोन-तीन हातांवर आरपार लांब दगड हवा, दोन्ही पदरांना धरणारा, आणि डोक्यावरचं ओझं उतरवा. बाकीचे माना डोलवत होते. रावजी गवंडी मात्र खाली मान घालून उभा. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? दोन पदर, मधे चिपा नि चिखल. निम्मं गाव त्याच्या हातचं. रावजीची भिंत म्हणजे हत्ती, असं लोक म्हणायचे... हत्ती कसला डोंबलाचा!

परत आल्यावर तो दारोदार फिरला. भिंतीत आरपार दगड घालून देतो, मजुरी नको, फक्त वरची माती उतरवा. शेजारच्या तानूबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "आबा, आमास्नी माती काढा म्हनता, आन् तुमच्या डोक्यावर काय कापूस हाय व्हय?" सगळे हसले. तोही हसला, आणि पुन्हा कुणाच्या दारात गेला नाही. म्हाताऱ्याला भूकंपाचं याड लागलंय, असं लोकांनी ठरवून टाकलं. नव्या घराला दुसरा गवंडी येऊ लागला.

पण तानूबाई खोटं कुठं बोलली होती?

दर चैत्रात त्याची बायको म्हाळसा पांढरी माती आणायची, माळवद गळू नये म्हणून. आधी रावजी वरची सुटी ढेपळं पाटीत भरून कडेशी यायचा आणि ओरडायचा – खाली कुणी हाय का? उत्तर आल्याशिवाय पाटी रिती करायची नाही, हा त्याच्या उस्तादाचा नियम. अंगणातून ती म्हणायची, "न्हाय कुणी, टाका!" मग वर येऊन नवा थर अनवाणी तुडवायची. गेल्या चैत्रातही तिनंच तुडवला, अंगात ताप असताना. किल्लारी डोळ्यांनी बघून आलेला नवरा एवढंच म्हणाला होता, की औंदा ऱ्हाऊ दे. "गळाया लागलं की भांडी मांडत बसू व्हय?" ती म्हणाली, आणि त्यानं पाटी उचलली... आषाढात ती गेली. तो थर कुदळीनं फोडायचा? आज नको, उद्या. उद्या नको, पाऊसकाळानंतर – असं करत वर्ष काढलं त्यानं. बायकोच्या पावलांसाठी पोटच्या पोरीच्या डोक्यावर मरण ठेवलं होतं, आणि गावाला शहाणपण शिकवायला निघाला होता!

त्यानं ताटली सारली. शिडी लावली. वर ऊन चटके देत होतं. पहिला घाव घालताना डोळे मिटले गेले. वाटलं, काहीतरी ओरडेल. काही नाही. माती ती माती, भुशासकट सुटून आली. खाली तिच्या आधीच्या सालाचा थर, त्याच्याखाली त्याच्या आधीचा.

पाटी भरली. कडेशी आला आणि सवयीनं ओरडला, "खाली कुणी हाय का?"

अंगणात निंबाची सावली, तानूबाईच्या दोन कोंबड्या. तो थांबला. हात भरून आले, तरी थांबला. खाली कुणी सापडू नये, म्हणून तर हा सगळा खटाटोप... आणि तरी एवढं सांगायला कुणीतरी हवं होतं.

"न्हाय कुणी," तो हळूच म्हणाला. "टाका."

धुरळा उठला, निवला. रिकामी पाटी घेऊन तो वळला. अजून शेकडो पाट्या निघणार होत्या, आणि दर वेळी विचारायचंही त्यानंच, सांगायचंही त्यानंच.