दोन्हीकडच्या कड्या

थोरलीनं कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवताना तीस वर्षं मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतली: दुसऱ्या देशाची नियत दिसत नाही, दिसते ती ताकद, म्हणून वाईटच धरून चालावं. हा वास्तववाद. देवाणघेवाणीनं देश एकमेकांत गुंततात म्हणणारा उदारमतवाद आणि वैर आपणच मानलेलं असतं म्हणणारा रचनावाद, हे दोन्ही ती शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं उरकायची.

"पण मॅडम, देश एकमेकांना सरळ विचारून का घेत नाहीत?" एका मुलीनं त्या दिवशी विचारलं.

"चोराला विचारतेस का गं, येणार आहेस का म्हणून?" वर्ग खळखळून हसला.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. भिंतीपलीकडे धाकटी बहीण. मधलं दार सदा सताड उघडं. सकाळ थोरलीची, दुपार धाकटीची, आणि आईचा जीव दोघींत वाटलेला.

थोरली घरी आली तर सुतार त्या दाराच्या चौकटीला टेप लावून बसलेला.

"कुणी बोलावलं?"

"पलीकडच्या ताईंनी. माप घ्यायचंय."

थोरलीनं वाईटच धरलं. दार बुजवायचा घाट! उद्या म्हणेल, आई तुझी, तूच बघ. तिनं धाकटीला विचारलं नाही. सुताराला म्हणाली, "आधी माझ्या बाजूनं कडी ठोका."

ठोकाठोक ऐकून धाकटी धावत आली. "ताई, हे काय?"

"तू बंद करायच्या आत मीच केलं."

"बंद? अगं, रुंद करणार होते! आईची खाट जात नाही यातून. तिला माझ्याकडच्या उन्हात न्यायचं होतं." धाकटीचा आवाज चिरकला. "जगभरचे देश वाचतेस, बहीण नाही वाचता आली?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी पलीकडूनही कडी ठोकल्याचा आवाज आला.

तीन दुपारी आई दाराकडे तोंड करून पडून राहिली. घास तोंडाशी नेला की ओठ मिटायची. चौथ्या दुपारी थोरलीनं आपली कडी काढली, दार ढकललं. हललं नाही.

"उघडलंय गं मी."

मग पलीकडून, अगदी फळीला लागून, धाकटीचा आवाज, "कशावरून?"

"ढकलून बघ ना तुझ्या बाजूनं."

"त्यासाठी आधी माझी कडी काढावी लागेल, ताई."

आईनं क्षीण आवाजात पाणी मागितलं. हाक दोघींनाही ऐकू गेली. दुसरी आधी हलते का बघत दोघी दाराशीच उभ्या राहिल्या.