उपाशी राहिलेलं हाड

बांधकामावर तिला सगळे ‘घार’ म्हणत. एकोणीस वर्षं ती उंच क्रेन चालवत होती आणि तेवढ्या काळात तिने भल्याभल्या मुकादमांना वरूनच गप्प केलं होतं. सकाळी सातला ती लोखंडी शिडीला हात घाली. शिडी खांबाच्या पोटातून सरळ वर जायची. वरच्या काचेच्या खोलीत एक खुर्ची, दोन दांडे आणि पाण्याची बाटली यापलीकडे काही मावत नसे.

डावी जांघ दुखायला लागली तेव्हा तिने आधी बुटांना दोष दिला, मग गादीला, मग वयाला. दुखणं गुडघ्यापर्यंत उतरलं, तशी तिने शिडीवर उजवा पाय पुढे टाकायचा आणि डावा नुसता ओढून घ्यायचा अशी युक्ती काढली. असे आठ महिने गेले. घरी अवाक्षर नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. भिंगातून त्याला केसाएवढी स्प्रिंग दिसे, पण बायको लंगडते हे त्याला शेजारणीने सांगितलं.

मग काय, त्याने तिला धरूनच दवाखान्यात नेलं. फोटो निघाले, रिपोर्ट हातात आला. ‘नेक्रोसिस’ हा शब्द त्याने फोनवर शोधला आणि ‘पेशींचा मृत्यू’ वाचून हादरला. त्याच्या वडिलांचा पाय गँगरीनने गेला होता. घरी आल्या आल्या त्याने तिचा पाय मांडीवर घेतला, बोट न् बोट उघडून पाहिलं, वाससुद्धा घेतला.

“काळं तर कुठे काही दिसत नाही गं!”

“अहो, जांघ दुखतेय माझी. अंगठा कसला हुंगताय?”

तिला हसू आलं, पण तो पुन्हा करंगळीपासून तपासायला लागला, तेव्हा तिने पाय काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरबाईंसमोर बसल्या बसल्याच त्याने विचारलं, “पाय कुठपर्यंत कापावा लागेल?”

“कोण कापतंय पाय?” बाईंनी फोटो उजेडाला धरला. “हे गँगरीन नाही. जिवंत शरीरातला मांसाचा किंवा हाडाचा भाग अवेळी मेला, की आम्ही नेक्रोसिस म्हणतो. कारण काहीही असो. गँगरीन हा त्यातलाच एक प्रकार, पण त्यात मोठा भाग मरतो, बहुतेक हातापायाचा. वरून काळा पडतो, कधी जंतू शिरून सडतो. ह्यांच्या हाडात जंतू नाहीत, सडणं नाही. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्त न पोचल्याने मेलाय. तो पुढे खचेल, पण हे मरण पायभर पसरत जाणार नाही.”

“कॅन्सर?”

“नाही. कॅन्सरमध्ये पेशी नको तितक्या वाढतात. इथे त्या संपल्यात. दम्यासाठी ह्यांनी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्यात, बहुधा त्यामुळे.”

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. घारीने मात्र फोटोवरची नजर काढली नव्हती.

“पण पेशी तर सगळ्यांच्याच मरतात ना?”

“मरतात की, रोज. पण ते शरीराने ठरवून केलेलं असतं. गाजावाजा नाही, सूज नाही. वय झालं की आवराआवर करून निघून जावं तसं. त्याचं नावही वेगळं आहे. हा मात्र अपघात.”

“आणि रक्त कमी पडलं, की लगेच मरतात?”

“लगेच नाही. आधी उपाशी राहतात. तेवढ्यात रक्त पोचलं तर वाचतातही.”

“म्हणजे मी आठ महिन्यांपूर्वी आले असते तर...”

डॉक्टरबाईंनी फोटो पाकिटात सरकवला. “सांगता येत नाही. कदाचित गोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता.”

परत येताना रिक्षात नवरा एकच वाक्य बोलला. “का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला खाली उतरवलं असतंत.”

ऑपरेशन करून खुब्याचा सांधा बदलला. दोन महिन्यांनी काठी सुटली, चौथ्या महिन्यात ती बाजारात जाऊन आली. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं: उभ्या शिडीचं काम नाही. तिला जमिनीवरून इशारे द्यायचं काम मिळालं, हातात वॉकीटॉकी. वर आता दुसरा चालक बसायचा, मिशीवाला, कामाला चोख. “थोडं डावीकडे. थांब. सोड,” ती सांगायची आणि तुळई अलगद उतरायची. चूक काढायलाही जागा नव्हती. दिवसभर मान वर करून तिची मान दुखायची. सुट्टी झाली तरी तिचे पाय शिडीपाशी रेंगाळत.

एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“दुखतंय?” नवऱ्याने भिंग खाली ठेवलं.

“दुखत नाही तेच तर. पाय अगदी छान आहे.” तिने मनगटाने डोळे पुसले. “वर मला कोणी हाक मारायचं नाही हो. दुपारपर्यंत मी कोणाची बायको नसायचे, कोणाची वहिनी नसायचे. वारा आला की खांब हलायचा आणि मला वाटायचं, झोळीत आहे मी. कितीदा वाटतं, दुखऱ्या पायानेच चढावं एकदा.”

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याला वाटायचं, बिचारी पोटासाठी चढते.

“मी असताना घरातही तुला तसं वाटत नाही?” त्याने चाचरत विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. “नाही,” ती म्हणाली. “तुमच्यावर राग नाही. पण नाही.”

तो उठला, तिच्यासमोरची परात आपल्याकडे ओढली आणि उरलेली भाजी निवडायला बसला. घार उठून गच्चीत गेली. त्याने तिला हाक मारली नाही.