घासलेला घोडा

बायकोचं, रूपाचं सूतक फिटलं त्याच दिवशी मगनला कळलं, की घोडाही गेला.

तो तापीवर आंघोळ करून आला, तर ओट्यावर हंडे-घागरी चिंच-राखेने घासून उन्हात पालथे घातलेले. सूतक फिटलं की घरातलं सगळं घासायचं, ही रीतच. रांगेच्या शेवटी रूपाचा वीतभर घोडा उभा होता, नव्या घंगाळासारखा पिवळाजर्द.

"हाऊ कसाले घासा व माय?" मगन ओरडला.

अक्कलकुव्याहून आलेली त्याची बहीण शोभाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "कितला काया पडी जायेल व्हता, भाऊ! दख आते, कसा चमकी ऱ्हायना."

घोडा फ्रान्सचा, काशाचा, रूपाच्या आजोबांना एका संस्थानिकाने बक्षीस दिलेला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आलेल्या एका जाणकाराने तिला सांगितलं होतं: तिकडे एक जण मेणाचा घोडा घडवी, दुसरा ओती, तिसरा सांधे कानशीने साफ करी आणि शेवटचा आच व तेजाब देऊन नुसता तपकिरी रंग चढवी. तेव्हापासून रूपा त्याला कोरड्या फडक्यानेच पुसे. दिवा लावला की मानेवरून हात मात्र फिरवी. तिथे रंग गडद, तुळतुळीत झाला होता. मगनला तेवढीच जागा हवी होती.

"तो रंग फ्रान्सना कारागीरनी देयेल शे!"

"मंग त्याले पिवळा रंग नही भेटना का?"

शेजारचा चुनीलाल कुंपणावरून डोकावला. "मगनभाऊ, बूट पॉलिश लाव. जसाना तसा व्हई जाई."

मगनचं टाळकंच सरकलं. बूट पॉलिश! तिथे रूपाचा हात होता, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून पुन्हा फ्रान्सच बाहेर पडलं. शोभाबाईची बोटं चिंचेने सोलपटली होती. तिला आणखी काय बोलणार?

त्याने घोडा उलटा केला. पोटाखाली रूपाच्या वेळचा तपकिरी रंग शाबूत होता.

"पोट ऱ्हायनं का? आन इकडे, तेबी घाशी टाकस."

"हात लावू नको!" म्हणत मगनने घोडा आत नेला, दिव्याजवळ ठेवला.

शोभाबाई अजून इथेच आहे. येता-जाता पोटाची आठवण करून देते. मगन नको म्हणतो. का नको, ते तिला सांगायचं राहिलं आहे.